वरून पडायचा योग

आमच्या घरात पंचांग नव्हतं. साताऱ्यात आमच्या गल्लीत झाडून सगळ्यांना रास होती, मला नव्हती, कारण अण्णा हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. माझी जन्मवेळ सांगायला त्यांनी साफ नकार दिला होता. आईला विचारलं तर ती म्हणायची, "सकाळची वेळ होती. मला काय तेव्हा घड्याळ बघायचं सुचतंय?" पत्रिका नाही म्हणून स्थळं येत नव्हती. अण्णांच्या विज्ञाननिष्ठेची ही एक बाजू मला मनापासून आवडायची.

अण्णांचे प्रतिपक्षी म्हणजे माझे सांगलीचे मामा, आईचे थोरले भाऊ. हळदीची अडत हा त्यांचा धंदा आणि ज्योतिष हा नाद. कुणी पत्रिका घेऊन दुकानात आलं की ते हळदीचा सौदा अर्ध्यावर सोडायचे. अण्णा त्यांना 'पाव्हणं' म्हणायचे, ते अण्णांना 'दाजी', आणि या गोड शब्दांच्या आडून दोघं एकमेकांची मनसोक्त खोड काढायचे. एकदा अण्णांनी एका 'मुलीची' जन्मवेळ मामांना कळवली. मामांनी भविष्य सांगितलं: मुलगी शांत, खाण्यापिण्याची आवड, परदेशगमनाचा योग. ती जन्मवेळ शेजारच्या सुभेदारांच्या रेडीची होती, म्हणजे म्हशीच्या पिल्लाची. अण्णा महिनाभर हसत होते. पुढे ती रेडी मोठी होऊन निपाणीच्या बाजारात विकली गेली. ते कळल्यावर मामा मुद्दाम एस.टी.नं साताऱ्याला आले आणि पायातल्या वहाणा न काढताच दारातून म्हणाले, "दाजी, निपाणी कर्नाटकात हाय. झालं का न्हाई परदेशगमन?" निपाणी महाराष्ट्राचीच असं अण्णांचं ठाम मत होतं, पण ते बोलावं तर सगळा दिवस सीमाप्रश्नात जाणार. त्यांनी मुकाट्यानं चहा मागवला.

तर अशा घरातून एकोणऐंशी साली माझं नाव सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या यादीत लागलं. जुलैतल्या एका बुधवारी, संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत मूळ दाखले घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. पुढचा मुलगाच असणार, कारण मुली त्या यादीत औषधालाही नव्हत्या. मला ती जागा इतकी हवी होती की दाखल्यांची पिशवी मी उशाला घेऊन झोपायची.

आणि नेमकी त्याच सुमाराला स्कायलॅब पडायची होती. अमेरिकेनं अवकाशात सोडलेली ही प्रयोगशाळा आता खाली येणार, कुठे पडेल ते तिथल्या शास्त्रज्ञांनाही सांगता येत नाही, असं रेडिओ रोज सांगायचा. लोकांनी आपापल्या परीनं तयारी केली. रहिमतपूरकडच्या आमच्या भावकीनं आखाडाचं मटण लवकर उरकलं. "मरायचंच हाय, तर उपाशी कशापायी मरायचं?" असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. म्हणजे स्कायलॅब आधी त्यांच्या बोकडांवर पडली. शेजारचे सुभेदार फौजेतून रिटायर झालेले, त्यांनी परसात खंदक खणायला घेतला. अण्णा सुरुवातीला या सगळ्यांना हसले. पृथ्वीवर पाणीच जास्त, तेव्हा ते धूड समुद्रात पडण्याची शक्यता जास्त, असं त्यांनी चौकात उभं राहून समजावलं. दुसऱ्या दिवशी मात्र ते सुभेदारांच्या परसात खंदकाचा उतार किती अंशांचा हवा ते सांगताना दिसले.

माणूस शिकलेला असला की भीतीसुद्धा शिस्तीत येते. सोमवारी अण्णांनी शाळेतला पृथ्वीचा गोल घरी आणला आणि त्यावर स्कायलॅबचा मार्ग म्हणून गोधडीचा दोरा गुंडाळला. कसाही गुंडाळला तरी तो सातारा-सांगली रस्त्यावरूनच जायचा.

"बघ," अण्णा म्हणाले. "कराड, इस्लामपूर, सांगली. बरोबर एस.टी.च्या रूटनं."

"अण्णा, या गोलावर दोऱ्याची जाडीच सांगली जिल्ह्याएवढी आहे."

"तेच म्हणतोय मी. अख्खा जिल्हा खाली येतोय."

मग त्यांनी निकाल दिला: बुधवारी प्रवास नाही. कॉलेज काय, पुढच्या वर्षीही आहे. मी रडले, भांडले, दाखल्यांची पिशवी त्यांच्यापुढे आपटली. "ज्योतिषाला हसता आणि दोऱ्यावर विश्वास ठेवता!" असंही म्हणाले. ते वर्मी लागलं असावं, कारण त्यांनी मला शक्यता म्हणजे काय ते नव्यानं शिकवायला घेतलं. शक्यता लहान असली तरी शून्य नसते, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि त्यांचा आवाज काही वर्गातल्यासारखा नव्हता.

आई पोस्टात गेली आणि तिनं सांगलीला तार केली: ताबडतोब या. आमच्याकडे तार म्हणजे कुणीतरी गेलं. मंगळवारी दुपारी मामा आले ते टोपी हातात घेऊन, पडलेल्या चेहऱ्यानं, आणि उंबऱ्यातच त्यांनी गळा काढला. आत आम्ही तिघं पिठलं-भाकरी खात होतो.

"मग गेलं कोण?" मामा डोळे पुसत म्हणाले.

"कुणी नाही, दादा," आई म्हणाली. "हिला उद्या सांगलीला जाऊ देत नाहीत."

मामांनी टोपी डोक्यावर घातली, आईला एक शिवी घातली, आणि जेवायला बसले. जेवताना त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गोल बघितला, दोरा बोटानं सारखा केला.

"दाजी, ह्यो दोरा पोरीच्या डोसक्यावर पडणार का न्हाई, एवढंच ठरवायचं न्हवं? मग पत्रिका बघू."

"पाव्हणं, माझ्या घरात ते चालायचं नाही."

"आवं, तुमच्या त्या अमेरिकेला तरी कुठं ठावं हाय? त्यांनी हात टेकलं. आता आमाला बघू द्या. पर जन्मवेळ लागंल."

अण्णा उठले. खिडकीशी गेले, आभाळ बघितलं, परत आले. गोल एकदा फिरवला. आणि मग, भिंतीकडे बघत, एका दमात बोलले, "सकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटं अठरा सेकंद."

आम्ही घास हातात धरून बसलो.

"शाळेचं स्टॉपवॉच होतं," अण्णा म्हणाले. "पहाटे रेडिओच्या ठोक्यांवर लावून घेतलं होतं. ही रडली तेव्हा मी व्हरांड्यात होतो. आवाज भिंतीतून यायला जो वेळ लागला तो मी धरलेला नाही. तो नगण्य आहे."

"तुम्ही व्हरांड्यात होता?" आईचा आवाज चढला. "आणि मला सांगितलंत, सुंठ आणायला गेलो होतो!"

"सुंठ नंतर आणली."

मला खरं तर राग यायला हवा होता. इतकी वर्षं मला रास नाही, आणि माझ्या जन्माचे सेकंदसुद्धा या माणसाला तोंडपाठ! पण अण्णा इतके ओशाळे होऊन उभे होते की मला भरून आलं. त्यांचा ज्योतिषावर तेव्हाही काडीचा विश्वास नव्हता. पण आता त्यांना कुणीतरी 'जाऊ दे' म्हणायला हवं होतं, आणि विज्ञान काही ते म्हणत नव्हतं.

मामांनी पिशवीतून पंचांग काढलं. बोटांच्या पेरांवर मोजलं, पुटपुटले, पुन्हा मोजलं. आईकडे पाणी मागितलं, तांब्याभर प्याले. मग पंचांग फटकन मिटलं.

"आठवं घर एकदम साफ. मृत्यूचं घर ते, तिथं काय बी न्हाई. वरनं काय पडायचा योगच न्हाई हिला."

"यात चूक किती होऊ शकते?" अण्णांनी विचारलं. हा प्रश्न ते प्रयोगवहीतल्या प्रत्येक आकड्याला विचारत.

"वेळ बरोबर असंल तर कायसुदिक न्हाई."

"वेळ बरोबर आहे," अण्णा छाती काढून म्हणाले. शास्त्रांचं असं एकमत आमच्या घरात पहिल्यांदाच होत होतं.

बुधवारी सकाळी मामा आणि मी एस.टी.त बसलो. अण्णा स्टँडवर आले ते गादीची वळकटी घेऊन. ती त्यांनी टपावर चढवायला लावली, तीही बरोबर माझ्या सीटच्या वर. कंडक्टर वैतागला. "मास्तर, आवं ते घरायेवढं लोखंड आलं तर तुमची वळकटी काय करंल?"

"धक्का शोषून घेईल," अण्णा म्हणाले आणि खालून बोट दाखवून त्यांनी ती दोनदा सरकवून घेतली.

सगळी वाट मामांनी खिडकीबाहेर मुंडकं काढून ठेवलं होतं. कराडला मी विचारलं, "मामा, मळमळतंय का?" ते म्हणाले, "व्हय, जरा." इस्लामपूरला आलं-लिंबाची गोळी दिली, ती त्यांनी न बघता तोंडात टाकली. सांगलीत पोचलो, ऑफिस उघडं होतं, कारकुनानं माझे दाखले उलटेपालटे करून बघितले आणि माझी जागा माझी झाली. मी कॉलेजच्या फाटकात मामांच्या पाया पडले.

गुरुवारी सकाळी मामांच्या घरी रेडिओनं सांगितलं की स्कायलॅब पडली, थोडी समुद्रात आणि थोडी ऑस्ट्रेलियात, ओसाड जागी. मामी आत पोहे परतत होती. मामा ओट्यावर चहा पीत होते. मी म्हटलं, "मामा, तुमची पत्रिका खरी निघाली. अण्णांना आता मान्य करावं लागेल."

मामांनी बशी खाली ठेवली. "दाजींस्नी काय बोलू नगंस. आठवं घर लय वंगाळ हुतं, पोरी. दोनदा मोजलं. शास्त्र म्हणत हुतं, बुधवारी हिला उंबऱ्याभायेर काढू नका."

मामांचा ग्रहांवर किती विश्वास होता ते मला माहीत होतं. दारात गिऱ्हाईक ताटकळत ठेवून ते राहुकाल संपायची वाट बघायचे.

"मग साफ आहे असं का सांगितलंत?"

"तुझी जागा गेली असती न्हवं."

"आणि खरंच पडलं असतं तर?"

"शेजारी मी हुतोच की," मामा म्हणाले, आणि त्यांनी बशी पुन्हा तोंडाला लावली.