दुसऱ्या बक्षिसाचा मिक्सर

"बाबा, हा खोका शनिवारी टाकून देऊ ना?" मुलाने विचारलं आणि माझं डोकं फिरलं.

आम्ही त्याच्या केलरमध्ये उभे होतो. इथे जर्मनीत प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात एक जाळीची खोली असते, तिला हे केलर म्हणतात. बॉबलिंगेनमधलंच दुसरं मोठं घर मिळालं म्हणून यांची आवराआवर चालली होती. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेलो. मागच्या खेपेला ही बरोबर होती. या खेपेला मी एकटा. ही जाऊन दहा महिने झालेत.

खोका मिक्सरचा. पट्टी पिवळी पडलेली, पण एकदाही न उघडलेली. वर बॉलपेनने हिच्या हातचं अक्षर: सूनबाईसाठी.

"तुझ्या आईने मांडीवर घेऊन आणलाय तो विमानातून," मी म्हणालो.

"मीच तिला सांगत होतो आणू नको म्हणून. हे बघा बाबा, वरती दोन मिक्सर आहेत. हा वेर्टश्टोफहोफला, म्हणजे भंगार गोळा करतात तिथे, दिला तर ते लोक सुटं करून वापरतात. वाया नाही जात."

"हात लावून बघ त्याला," मी म्हणालो आणि जिने चढून वर आलो. रात्री जेवलो नाही. मुलगा समजला, आईच्या आठवणीने रडतोय म्हातारा. रडत नव्हतो. संताप आला होता, आणि तो त्याच्यावर नव्हताच.

काय झालं होतं ते लिहितो. मी चौथी शिकलेला. हळू वाचतो, त्याहून हळू लिहितो.

पिंपरीला कारखान्यात मी फिटर होतो. तेव्हा टीव्हीवर दुपारी बायकांसाठी खेळाचा कार्यक्रम नवीन निघाला होता. चाळीतल्या बायका साडेबाराला भांडी आवरून, ज्या घरी टीव्ही असेल तिथे जाऊन बसायच्या. डोळे बांधून मसाले ओळखा, मुठीत डाळ घेऊन वजन सांगा, असले खेळ. खेळवणारा गुळगुळीत भांग पाडलेला एक माणूस, प्रत्येकीला ताई म्हणायचा आणि प्रत्येकीची चेष्टा करायचा. हिने पत्र पाठवलं आणि हिला बोलावणं आलं. त्या आठवड्यात तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. शेजारणीकडून साडी मागून आणली, वाटीत तांदूळ घेऊन रोज वजन सांगत बसायची आणि किराणावाल्याकडून तोलून घ्यायची. एकदाही चुकली नाही.

"शेवटचा फेरा जोडीचा असतो," ती म्हणाली. "नवऱ्याने चिठ्ठीवरचे प्रश्न वाचायचे, बायकोने उत्तरं द्यायची. पहिलं बक्षीस फ्रीज आहे हो. याल ना?"

नवऱ्याने वाचायचे. सगळ्या मुलखासमोर, घड्याळ लावून. मी पगाराच्या कागदावर सही करतानासुद्धा लोकांना पाठ करून उभा राहायचो. पण हे बायकोला कोण सांगणार?

"साहेब सुट्टी देत नाही," मी म्हणालो.

मी साहेबाकडे गेलोच नव्हतो.

ती तिच्या भावाबरोबर गेली. पंधरा दिवसांनी कार्यक्रम दाखवला, तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये होतो. अख्खं खातं टीव्हीपुढे. ही पडद्यावर आली आणि पोरांनी टेबलं बडवली, "वहिनी! वहिनी!"

"ताई, घरी काय करता?" त्या भांगवाल्याने विचारलं.

"काही नाही, घरीच असते."

तिकडचे लोक हसले. काही नाही! चार वाजता उठून नळावर नंबर लावणारी, सासूचं अंथरूण काढणारी बाई म्हणते काही नाही, आणि लोक हसतात. त्या माणसाला मी आज भेटलो तर आजही त्याचा भांग विस्कटीन.

मसाले तिने सगळे ओळखले. तांदूळ हातात घेतले आणि अचूक सांगितलं. मग जोडीचा फेरा आला. तीन बायकांशेजारी तीन नवरे उभे राहिले, सूट घालून आलेला एक होता. ही एकटी.

"अरेच्या! आमच्या ताईंचे अहो कुठे हरवले?"

परत हशा. टीव्हीतला आणि कँटीनमधला, दोन्ही.

हीपण हसली. पदर सारखा करून म्हणाली, "सुट्टी नाही मिळाली त्यांना. त्यांच्यावाचून कारखाना चालत नाही."

आमचा फोरमन मागच्या बाकावर डबा खात होता. त्याने घास खाली ठेवला. "काय रे," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "तू सुट्टी मागितलीस कधी?"

जोडी नाही म्हणून हिला बाजूला उभं केलं आणि दुसरं बक्षीस म्हणून मिक्सर दिला. फ्रीज सूटवाल्याच्या बायकोने नेला. तिला तर हिंग ओळखता आला नव्हता.

संध्याकाळी घरी गेलो तर शेजारणी जमल्या होत्या, मधोमध खोका, ही पट्टी काढायला बसलेली. मी सगळ्यांसमोर ओरडलो. "माझी शोभा करून आणलेली ती भीक माझ्या घरात उघडायची नाही!" बायका उठून गेल्या. हिने काढलेलं टोक अंगठ्याने परत चिकटवलं, बॉलपेन घेतलं आणि खोक्यावर लिहिलं, सूनबाईसाठी. पोरगा तेव्हा तीन वर्षांचा होता.

आपल्याकडे बायका चांगली वस्तू सुनेसाठी, लेकीसाठी बांधून ठेवतातच. कुणी विचारलं की हिच्याकडे उत्तर तयार. नवऱ्याचं नाव मध्ये येत नव्हतं. पुढची सात वर्षं ती पाट्यावर वाटत राहिली, मनगट सुजलं तरी. शेवटी मी दुसरा मिक्सर आणला. दुसरा! खोका कपाटावर होता तिथेच राहिला. 'तो उघड' एवढे दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

गेल्या वर्षी दवाखान्यात मी तिच्या औषधाच्या बाटलीवरचं वाचत होतो, बोट ठेवून, एकेक अक्षर. ती बघत पडली होती. म्हणाली, "त्या चिठ्ठ्या मी पाठ करून घेतल्या असत्या हो तुमच्याकडून. मागच्या कार्यक्रमांतले प्रश्न वहीत लिहून ठेवले होते मी, तेच फिरून यायचे."

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्यापासून. आणि मी काय बोललो? म्हणालो, "गप पड, श्वास लागेल."

हे सगळं मी शनिवारी सकाळी मुलाला आणि सुनेला सांगितलं. गाडी भरून तयार होती, खोका डिकीत वरच ठेवलेला.

"पण आई तर म्हणायची, तुम्हाला सुट्टी नव्हती," मुलगा म्हणाला.

"खोटं होतं ते."

"आई खोटं बोलली?"

"खोटं माझं. सांभाळलं तिने."

सून खाली गेली आणि खोका उचलून वर घेऊन आली. "बाबा, नाव माझं आहे ना यावर? मग तुम्ही दोघं कोण ठरवणारे?"

तिनेच सुरी दिली. मी पट्टी कापली. आत सगळं कोरं, वॉरंटीचं कार्डसुद्धा. अडॅप्टर लावून बटण दाबलं तर नुसता घुर्र आवाज, चक्र फिरेना. वंगण वाळून दगड झालेलं. यंत्र वापरलं नाही की असं होतं, हे मी चाळीस वर्षं पोरांना शिकवत होतो.

रविवारी दिवसभर बसून मोटर उघडली. मुलाचं सायकलचं तेल घेतलं, आसाचा अडकलेला बुश मोकळा केला. सुनेने सुकं खोबरं, लसूण आणि तिखट भांड्यात घातलं, आणि मग तिचा हात थांबला. "बाबा, रविवारी आवाज नाही करत इथे. खालची बाई येईल."

"येऊ दे."

फिरला. असा ओरडला की भिंती हादरल्या. भांड्याचं रबर तडकलेलं होतं, तिखट माझ्या शर्टावर उडालं. खालची बाई खरंच आली. मुलगा दारात तिची माफी मागत होता, आणि मी बटण सोडलं नाही.

चटणी चांगली झाली. हिची जास्त बारीक व्हायची.

खोका मी स्वतः फाडला, अक्षरासकट, आणि कागदाच्या डब्यात टाकून आलो. मिक्सर ओट्यावर आहे. सुनेला सांगितलंय, रोज वापर, जळला तर खुशाल फेक. पण बांधून ठेवलास असं माझ्या कानावर आलं, तर परत व्हिसा काढून येईन.