अंबाडीची दोरी
भिजलेल्या अंबाडीचा वास आला की मला सासरचं अंगण आठवतं. लढाईचे दिवस होते, कापड मिळत नव्हतं, आणि माझं त्यातल्या त्यात बरं लुगडं रोज बाभळीच्या काटेरी कुंपणावर वाळायचं. एकदा बाबा माहेराहून, इंझोरीहून, पायी भेटायला आले. लुगड्याला काट्यांनी पडलेली भोकं त्यांनी पाहिली आणि गोठ्यातली अंबाडी घेऊन मांडीवर दोरी वळायला बसले. सासूबाई दारातून म्हणाल्या, "व्याहीबुवा, हे गड्याचं काम तुमी कायले करून राह्यले? लोक काय म्हनतीन?" बाबा म्हणाले, "लोकाईचं जाऊ द्या. पोरीचं लुगडं फाटून राह्यलं." शेजारणी बघत होत्या, मी लाजेनं दाराआड मान खाली घालून उभी. कडुनिंबापासून गोठ्याच्या खांबापर्यंत त्यांनी दोरी ताणली, आणि नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणून तहानलेलेच उन्हात परत गेले. दुसऱ्या दिवशी मी धुणं घेऊन आले, तर सासूबाईंनी दोरीभर घरच्यांचे कपडे टाकलेले. माझं लुगडं मी पुन्हा काट्यांवर पसरलं. बाबा यायचे असले की तेवढ्यापुरतं ते घाईघाईनं दोरीवर टाकायची. अजूनही माहेरचं कोणी येणार म्हटलं की माझे डोळे आधी दोरीकडे जातात.