कापसाचं वस्त्र आणि मागचा टायर

त्या सकाळी देवावर माझा किती विश्वास होता हे सांगण्याआधी मागच्या टायरची अवस्था सांगायला हवी. वडिलांची जुनी मोटरसायकल ते गेल्यापासून मी चालवते. दिवाळीनंतर तिचा मागचा टायर हवा धरेना. पंक्चर काढलं की आठवडाभर गाडी नीट चालायची आणि मग एखाद्या सकाळी चिंचपोकळीच्या आमच्या चाळीखाली रिमवर बसलेली दिसायची. लालबागच्या नाक्यावर पंक्चर काढणारे रफिकभाई दर वेळी ट्यूब बाहेर काढून पाण्यात बुडवायचे, बुडबुडे दाखवायचे आणि ठिगळ लावायचे. एकदा नवी ट्यूबही टाकून झाली. तीही बसली. टायरच्या आतून ते प्रत्येक वेळी बोटं फिरवायचे, पण खिळा नाही की काच नाही. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, गाड़ी में कुछ नहीं है. आप इसकी नज़र उतारो."

इतक्या जुन्या गाडीला नवा टायर घालणं मला परवडणारं नव्हतं, आणि पटतही नव्हतं. माघ संपला की गाडी भंगारात द्यायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. आईला सांगितलं नव्हतं. सांगणं अवघड होतं, कारण मध्ये एक नवस होता.

आदल्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला. चालणं सुधारलं, बोलणं पूर्ववत झालं, उजव्या हाताची बोटं मात्र मिटेनात. माघातल्या गणेशजयंतीला प्रभादेवीच्या एका गल्लीतल्या छोट्या देवळात स्वतःच्या हाताने केलेलं कापसाचं वस्त्र वाहायचं, हा तिचा लग्नापासूनचा नेम. वडील तिला याच मोटरसायकलवर मागे बसवून न्यायचे. इस्पितळात, हात उशीवर निर्जीव पडलेला असताना, ती देवाला दोन गोष्टी बोलली होती: बरी झाले तर वस्त्र माझ्याच बोटांनी करीन, आणि येईन ती त्याच गाडीवर बसून. मी तेव्हा मान डोलावली होती. मनात म्हटलं होतं, देवाला यातलं काय कळतंय.

पण तिने वस्त्र केलं. कित्येक महिने ती कापसाशी झटत होती. कापूस पिंजायचा, लांब ओढायचा, अंतराअंतरावर चिमटीत वळून मणी पाडायचे, मधल्या पिळांना ओलं कुंकू लावायचं. आधी तिची चिमूटच बसत नव्हती. कापूस नुसता चुरगळायचा. जयंतीच्या आदल्या दिवशी एकवीस मण्यांचं वस्त्र तिने माझ्यासमोर धरलं तेव्हा काही मणी बोराएवढे होते, काही ज्वारीच्या दाण्याएवढे. ती एवढंच म्हणाली, "वाकडातिकडा आसा, पण माझा आसा."

जयंतीच्या सकाळी ती नऊवारी नेसून, डाव्या हाताने माझा खांदा धरून मागे बसली. मांडीवरच्या पिशवीत स्टीलच्या डब्यात वस्त्र, दूर्वा आणि जास्वंद. जन्म दुपारी बाराला. हाताशी भरपूर वेळ होता आणि मीही, खरं सांगायचं तर, हरखले होते. गेल्या वर्षी पलंगाची कड धरून उभी राहणारी आई आज गाडीवर होती. लालबागच्या नाक्यापर्यंत मी गाणं गुणगुणत होते. तिथे मागचं चाक डोलायला लागलं. गाडी बसली होती. नशीब एवढंच की समोरच रफिकभाईंची टपरी होती.

"फिर से?" असं म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला. आईला त्यांनी आपलं स्टूल दिलं. मी त्यांना म्हटलं, "गाडी आज इथेच राहू द्या. आम्ही टॅक्सीने जातो." आई स्टुलावरून हलली नाही.

"माका टॅक्सी नको."

"आई, उशीर होईल. देव काय टॅक्सीने आलेलीला परत पाठवणारे?"

"बोललंय ता बोललंय. रफिकभाई, तुमी काढा पंक्चर."

रफिकभाईंनी टायरची कड उचकटली. मी फुटपाथवर येरझाऱ्या घालत होते. माझा सगळा राग त्या क्षणी देवावर होता. वर्षभर एका बाईला कापूस वळायला लावायचा आणि अर्ध्या वाटेत तिच्या गाडीतली हवा काढायची, ही कसली परीक्षा, असं मला वाटत होतं. हे मी लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं याच मनःस्थितीत घडलं.

तेवढ्यात एक स्कूटर येऊन थांबली. साठीच्या पुढची बाई, फुलाफुलांचा फ्रॉक, आखूड पांढरे केस, गळ्यात बारीक क्रूस. पुढच्या चाकात हवा भरायची होती. रफिकभाईंचे हात गुंतलेले बघून तिने नळी उचलून आपली हवा आपणच भरली. मग तिची नजर बाहेर काढलेल्या ट्यूबवर गेली. तिने ती उचलली, हवेच्या तोंडापासून वीत लावून पाहिली आणि हसली.

"ए भाई, ही सगळी ठिगळं एकाच वितीत आहेत, बघितलंस का? ट्यूबला का रडवतोस? चोर टायरमध्ये बसलाय."

"आंटी, उँगली घुमाई ना मैंने! हर बार."

"बोटाला नाही सापडायचा. केसाएवढी तार असेल. गाडीवर वजन आलं की आत डोकं काढते, वजन उतरलं की झोपते." मग माझ्याकडे वळून, "आज तुम्ही दोघी बसलात ना?"

मी विचारलं, "तुम्हाला हे कसं माहीत?"

"माझा नवरा माझगावला, डॉकमध्ये. अशीच गाडी होती आमची. चालवायचा तो, पंक्चर काढायची मी. तो बाजूला उभा राहून फक्त शिव्या द्यायचा." आई खुदकन हसली. बाईने ट्यूबचं तोंड रिमच्या भोकाशी जुळवलं, ठिगळांच्या समोर टायरवर खडूने रेघ मारली आणि म्हणाली, "ह्याच जागेत आहे. आता कापूस पाहिजे. फडकं नको, फडकं सरकतं. कापूस आतून फिरवला की तारेला अडकतो."

औषधाचं दुकान रस्त्याच्या पलीकडे होतं. मध्ये गाड्यांची रांग तुटत नव्हती. मी पैसे काढून निघालेच होते. मागे डब्याच्या झाकणाचा आवाज आला. वळून बघते तर आईच्या उजव्या हातात, त्या नीट न मिटणाऱ्या बोटांत, वस्त्र होतं.

"ह्या घे."

"आई! ते देवाचं आहे."

"देवाक काय वस्त्रांची कमी आसा? रांग लागली असतली थंय."

ती बाईसुद्धा मागे सरकली. "नको बाई. सणाचं आहे ना? मी चर्चची मेणबत्ती अशी कोणाला नाही द्यायची."

"रस्त्यात काळोख पडलो तर देतलंस. माका म्हायती आसा," आई म्हणाली.

बाईने वस्त्र दोन्ही हातांत घेतलं, क्षणभर कपाळाला लावलं आणि माझ्या हातात ठेवलं. "तू घाल हात. तुझं बोट बारीक आहे. आधी एका दिशेने, मग उलट."

मी गुडघ्यांवर बसले. रफिकभाईंनी टायर फाकवून धरला. नवसाचे दोन भाग होते आणि एकासाठी दुसरा द्यावा लागत होता, हे मला कळत होतं. आईला ते माझ्याआधी कळलं होतं. कुंकवाचे ठिपके त्या काळ्या रबरावरून फिरायला लागले. सरळ फिरवलं, काही नाही. उलट फिरवलं, काही नाही. "भाई, बाहेरून गुडघ्याने दाब," बाई म्हणाली. रफिकभाईंनी रेघेच्या जागी गुडघा रेटला. मी पुन्हा उलट फिरवलं, आणि कापूस थांबला.

कोणीतरी आतून धरावा, तसा थांबला. मी ओरडले, "अडकला!" ओढला तर एक मणी उसवून तिथेच राहिला, काळ्या रबरावर पांढरा तुरा. रफिकभाई पक्कड घेऊन जवळजवळ टायरमध्येच घुसले. पहिल्यांदा निसटली, दुसऱ्यांदा आली. बारीक, गंजलेली, नखाएवढ्या लांबीची तार. ट्रकच्या जुन्या टायरातून अशा तारा रस्त्यावर पडतात, असं बाई म्हणाली. रफिकभाईंनी ती उन्हात धरून फुटपाथवरच्या सगळ्यांना दाखवली. "मिल गया! तीन महीने से छुपी बैठी थी!" शेजारचा उसाचा रसवाला टाळ्या वाजवत होता. आईसुद्धा स्टुलावरून उठून टाळ्या वाजवत होती. बाईने तिला नाव सांगितलं, फिलोमिना. आई तिला लगेच फिलूबाई म्हणायला लागली. ठिगळ लागलं, हवा भरली, रफिकभाईंनी ठिगळाचे तेवढे पैसे घेतले. फिलूबाईंना दादरला मुलीकडे जायचं होतं. "पळा, तुमच्या बाळाचा जन्म चुकेल," असं म्हणून त्या स्कूटरला किक मारून निघूनही गेल्या.

आम्ही पळालो. परळ मागे पडलं तेव्हा माझ्या पाठीला टेकून आई हसत होती, आणि मीही हेल्मेटच्या आत मोठ्याने हसत होते. काळं झालेलं वस्त्र डब्यात होतं. मागचं चाक रस्त्याला घट्ट धरून होतं.

देवळात पोचलो तेव्हा गाभाऱ्यासमोर पाळणा सजला होता आणि बायका दाटीवाटीने उभ्या होत्या. कोणाच्या हातात ताट, कोणाच्या हातात मोदकांचा डबा, हार, ओटी. आईने दूर्वा-जास्वंद आत दिली आणि रिकाम्या हातांनी कडेला उभी राहिली. तिच्या वस्त्राशिवायची तिची ही पहिली जयंती. घंटा वाजली, गुलाल उडाला, पाळणा म्हणायला सुरुवात झाली आणि पाळण्याजवळच्या बाईंनी दोरी धरायला कोण मोकळं आहे म्हणून इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांचे हात भरलेले होते.

"आजी, तुमचे हात मोकळे आहेत ना? या, दोरी धरा."

आई पुढे गेली. तिने उजवा हात पुढे केला. दोरीवर बोटं ठेवली आणि ती मिटली. पूर्ण नाही, पण पाळणा हलण्याइतकी मिटली. पाळणा संपेपर्यंत तिने दोरी सोडली नाही.

यात देवाचा हात किती आणि योगायोग किती, हे मला ठरवता येत नाही. कापूस मिळणारं औषधाचं दुकान समोर होतं, हे मी वर लिहिलंच आहे. चार मिनिटं उशीर झाला असता, कदाचित काही बिघडलंही नसतं. आईने तो हिशेब केला नाही. मागितलं गेलं तेव्हा तिने दिलं, एवढंच मी पाहिलं. मी वर्षभर देवाकडे उत्तर मागत होते. तिने फक्त डबा उघडला. त्या दिवसाबद्दलची माझी कृतज्ञता फिलूबाईंपर्यंत, रफिकभाईंपर्यंत आणि ज्याच्या जन्माला आम्ही निघालो होतो त्याच्यापर्यंत पोचावी, म्हणून हे लिहिलं.

गाडी भंगारात गेली नाही. टायर अजून हवा धरून आहे. पुन्हा माघ आला आहे, आणि काल संध्याकाळी आई खिडकीशी कापूस घेऊन बसली होती. एक वस्त्र संपवून तिने दुसरं करायला घेतलं, तेव्हा मी विचारलं, "दोन कशाला?"

"एक देवाचा," मान वर न करता ती म्हणाली. "दुसरा वाटेतला. कोणाक लागला तर."