काखेत आवळणारे कोट

माझ्या बहिणीच्या आजाराला नाव मिळायला दोन वर्षे गेली, याची तक्रार मी योग्य त्या कार्यालयात केलेली आहे. उत्तर आलेले नाही. येईल अशी आशाही नाही. हात थरथरत नाही म्हणजे कंपवात नाही, अशी सोपी समजूत करून घेऊन एकामागून एक डॉक्टरांनी तिच्या आखडलेल्या खांद्याला मलमे चोळायला लावली. वास्तविक आजार तोवर तिच्या हातून निघणाऱ्या कोटांत दिसू लागला होता. तो कोणालाच ओळखता आला नाही.

ताई एका शिवणकारखान्यात कापड बेतते. बेतणाऱ्याला तिथे मास्तर म्हणतात. त्या टेबलापाशी उभी राहिलेली ती पहिलीच बाई, तरी शब्द बदलण्याची तसदी कोणी घेतली नाही; तीही मास्तरच राहिली. लांबी-रुंदी ती टेपने मोजी, पण गळा आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायचा तो बाकदार काप, हातानेच आखी. एका दमात, खडू न उचलता. त्या रेघेचा मला माझ्या पदवीपेक्षा अधिक अभिमान वाटत आला आहे, हे सांगायला हरकत नाही.

मग कोट काखेत आवळू लागले.

"गिऱ्हाइकं सुटलीत बसून बसून," काज-बटणं करणारी काकू म्हणाली. "त्यात मास्तरांचा काय दोष?"

एका गृहस्थाने तर आपला कोट धुण्यात आटला, असे स्वतःच कबूल केले. टेपची मापे बरोबरच होती; लहान होत होती ती हाताने काढलेली रेघ. या आजारात हालचाल अशीच आखूड होत जाते, मग ते पाऊल असो, अक्षर असो की आवाज. आणि करणाऱ्याला ती पूर्वीएवढीच वाटते. हे पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावले. कामाचा क्रम लावणेही जड जाईल, हातातले काम डोक्यातून मध्येच निसटेल, हेही त्यांनी लपवले नाही.

रेघेवरचा उपाय ताईने काढला. मोजून ठिपके द्यायचे आणि ते जोडत जायचे. ठिपका समोर असला की हात पुरता पोचे. क्रमाला मात्र ठिपके देता येत नाहीत. एकदा चौकडीचे कापड होते, चौकडी जुळावी म्हणून बाह्या एकेक करून कापायच्या होत्या, आणि तिने दोन्ही डाव्याच कापल्या.

मालकांनी त्या दोन बाह्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. "मास्तर, आता घरी बसा. मान राहील."

"घरी मानाला काम काय?" ताई म्हणाली. तिचा आवाज इतका बसला आहे की मालकांना वाकून ऐकावे लागले. "चौकडीचंच कापड द्या. तुमच्या मापाचा कोट कापते. नाही बसला तर टेबल सोडते."

"आणि बसला तर?"

"तर कोट तुमचा, टेबल माझं."

घरी मी तिला स्पष्ट सांगितले, "ताई, ही परीक्षा म्हणजे अपमान आहे. मी वरपर्यंत अर्ज करतो."

"कर की. तुझा अर्ज वर पोचेपर्यंत कोट शिवून होईल."

गोळीचा अंमल असतो अशी सकाळची वेळ तिने निवडली. मी भिंतीलगत स्टुलावर बसलो होतो. पाठ झाली, पुढचे भाग झाले. ठिपक्यांवरून मुंढ्याची रेघ भरदार फिरली. एक बाही कापून झाली आणि ती थांबली. कात्री उघडी, कापड समोर, हात जागच्या जागी. शिलाईची मशिने एकेक करून थांबत गेली. तिचा चेहरा आता फारसा हलत नाही, त्यामुळे परक्याला काही कळले नसते. मला कळले: क्रम निसटला होता. तीस वर्षांत त्या खोलीत तिने कोणाला काही विचारल्याचे कोणाला आठवत नाही. ती अंदाजाने कापून मोकळी होईल, अशी मला धास्ती वाटली.

तिने कात्री खाली ठेवली. "झालेली बाही डावी की उजवी? मला आत्ता सांगता येत नाहीये."

"विचारायचं असं ठरलं नव्हतं, मास्तर," मालक म्हणाले.

"विचारायचं नाही, असंही ठरलं नव्हतं."

"डावी झाली," काकूने सुईवरून नजर न काढता सांगितले. "आणि मालक, चष्मा कुठंय ते तुम्ही रोज आम्हाला विचारता. आम्ही कधी घरी बसवलं तुम्हाला?"

सगळी खोली हसली. ताईला हसायला वेळ लागतो. सगळ्यांचे हसून झाल्यावर तिचे हसू आले. मग तिने कापड फिरवले, ठिपके दिले आणि उजवी बाही कापली.

कोट शिवून झाल्यावर मालकांनी तो आरशासमोर घातला. हात वर केले, खाली घेतले, पुन्हा वर केले. "काखेत मोकळा आहे," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. तक्रारीतले मला थोडेफार कळते. या तक्रारीत दम नव्हता.

ताईला टेबल मिळाले, पण सकाळपुरते. शेजारी काकू बसते आणि कोणता भाग कापून झाला ते मोठ्याने सांगते. आजार मागे फिरणार नाही, हे आम्ही जाणतो. त्याचीही तजवीज ताईने त्याच दिवशी करून ठेवली. "विचारूनही कळेनासं झालं की मी आपण होऊन उठेन," तिने मालकांना बजावले. "तुम्ही सांगायचं नाही."

दुसऱ्या सकाळी मी तिला पोचवायला गेलो, तर कारखान्याच्या दारातच तिचे पाय जमिनीला खिळले. अरुंद जागी या आजारात असे होते. मागे कामावर येणाऱ्यांची रांग लागली. कोणी ढकलले नाही, कोणी बाजूने पुढे सरकले नाही.

"सावकाश, मास्तर," काकू म्हणाली. "आत काय, कामच आहे."

ताईचे पाऊल सुटले. तिच्यामागून सगळे आत गेले. सर्वांत शेवटी मालक.