पंचेचाळिसावं घर

चारुलता मॅडम उज्जैनच्या एका नर्सिंग कॉलेजात आम्हाला संशोधन शिकवायच्या. सर्व्हेत नमुना म्हणून दर पाचवं घर घ्यायचं. कुलूप असलं तर तीनदा जायचं, तरीही बंदच असेल तर 'उत्तर नाही' लिहायचं. शेजारचं घर घ्यायचं नाही आणि मनाने फॉर्म भरायचा तर मुळीच नाही. मी एकदा भरला होता, तर मॅडमनी तो सगळ्या वर्गासमोर टराटरा फाडला. मला भयंकर राग आला होता.

गेल्या मार्चमध्ये मॅडम आणि मी सर्व्हेसाठी भैरवगढला गेलो. छापलेल्या चादरी वाळत होत्या त्या गल्लीत पंचेचाळिसावं घर आलं आणि मॅडम थबकल्या.

"माझ्या थीसिसमध्येही हेच घर होतं. वीस साल झाले. तीनदा आले, कुलूपच. शेवटी घरी बसून मीच एक बाई रचली. गेंदाबाई, वय बासष्ट, डावा गुडघा दुखतो, एकटी राहते. माझा तेवढा एकच फॉर्म खोटा."

आज दार उघडं होतं. उंबऱ्यावर एक म्हातारी डावा गुडघा चोळत बसली होती. मी नाव विचारलं.

"गेंदाबाई."

"उमर?"

"बासठ."

शेवटचा प्रश्न मी कसाबसा वाचला, "देखभाल करने वाला कोई है?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलंही नाही. मॅडमकडे बोट करून ती शांतपणे म्हणाली, "इनसे पूछो. बीस साल पहले इन्होंने ही लिखा था, कोई नहीं. तब से कोई नहीं आया."