बोटांतली फट

रविवारी सकाळी चहा घेऊन गेले, तर माझा धाकटा भाऊ विनू मोबाईलकडे नुसता बघत बसला होता. पडद्यावर लिहिलं होतं, हे खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. चाळिशी ओलांडलेल्या या माणसाने आठ दिवसांपूर्वी मोबाईलवरच्या एका गेममध्ये चोरून हॅक टाकला होता. भिंतीपलीकडे कोण लपलंय ते त्यात दिसायचं.

"मजा आली का?" मी विचारलं.

"पहिले दोन दिवस. मग कुणाला शोधावंच लागेना."

लहानपणी लपाछपीत विनूवर राज्य आलं, की तो डोळ्यांवर हात ठेवून आकडे म्हणायचा, पण बोटांत फट ठेवायचा. आम्हाला ते कळायचंच. मग त्याच्यावर पुन्हा राज्य, एवढीच शिक्षा. कुरकुरत तो परत भिंतीशी जायचा. त्याला कायमचं घरी पाठवावं असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. यात आमचा मोठेपणा काही नव्हता. आम्ही होतो जेमतेम पाच जण. तो गेला तर खेळणार कोणाशी? या गेममध्ये माणसं लाखांनी आहेत. तिथे एक गेल्याचं कुणाला काय.

विनूने गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"ताई," तो म्हणाला, "पुन्हा राज्य दिलं असतं ना, तर मुकाट घेतलं असतं मी."