चहा न सांडणारा ट्रायपॉड

हात थरथरायला लागला तेव्हा मी आधी कॅमेऱ्यालाच शिव्या घातल्या. मग डॉक्टर म्हणाले, औषधानं थोडं कमी होईल, जाणार नाही. झालं! वाघबिघ टिपणारे वेगळे. मी मुंग्या, कोळी असल्या बोटभर जीवांच्या तोंडाशी कॅमेरा नेणारा माणूस. तिथं श्वास जोरात सोडला तरी फोटो बिघडतो. आणि मला दुसरं काही येत नाही हो, खरंच येत नाही.

"ट्रायपॉड घ्या ना जी," बायको म्हणाली. "काहून जीव जाळून राहिले?"

बर्डीच्या बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात सगळे लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचे, ताडमाड. मला हवा होता वीतभर, जमिनीला चिकटून बसणारा, माझा हात लागला तरी न हलणारा. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा लई वजन झेलते." अरे, वजनाचं काय घेऊन बसलास! माझा हात झेलतो का ते सांग. त्यानं मागवलेला चहा मी काठोकाठ भरून ट्रायपॉडच्या डोक्यावर ठेवला आणि उजवा हात त्याच्या पायावर. सांडला. दुसऱ्यावरचाही सांडला. बायको काउंटर पुसत राहिली, दुकानदारानं कपाळाला हात लावला. शेवटी धूळ खात पडलेला एक बुटका, जाड पायांचा, बेढब निघाला. त्याच्यावर चहा सांडला नाही. मी दुकानातच रडलो. लाज गेली खड्ड्यात.

शहराच्या कडेला, बेसाला, आमच्या घराला लागून रिकामा प्लॉट आहे. तिथं एका काडीवर खंडोबाची, म्हणजे पुढचे पाय जोडून बसणाऱ्या त्या हिरव्या किड्याची अंडी होती, वाळलेल्या फेसाच्या गोळीत. पिल्लं एका दमात निघतात, थोडा वेळ धाग्यांना लटकतात आणि पांगतात. तो फोटो मला आयुष्यभर हुलकावणी देत आला होता.

सकाळी फुलं तोडायला गेलेली बायको तिकडूनच ओरडली, "लवकर या जी! निघून राहिले!"

मी गवतात पालथा पडलो. ट्रायपॉड दगडासारखा उभा होता. फोकसही कसाबसा लागला. पण बोट बटणावर टिकेना. दाबायला जावं तर कडेनं घसरे. डावं लावलं, तेही तसंच. रिमोट असता तरी दाबायला हेच बोट. चहानं ट्रायपॉड तपासला, मला कुठं तपासलं होतं?

पिल्लं सुटायला लागली.

"मी दाबू का जी?"

"हात लावू नको!" मी खेकसलो. "फोटो माझा आहे."

तिनं हात मागे घेतला. देवा, एकदा. एकदाच दे रे. बोट पुन्हा घसरलं. काडीवर मोजकीच पिल्लं उरली होती.

"दाब वं," मी म्हणालो.

तिनं दाबलं. स्क्रीनवर एकेका पिल्लाचे डोळे लख्ख दिसत होते. ती हरखून म्हणाली, "अगा माय! किती मस्त काढला जी तुम्ही!"

मी तसाच पालथा पडून राहिलो. इतका चांगला फोटो मी जन्मात काढला नव्हता. हाही मी काढला नव्हता.